अळणी आमटी आणि दोन परीक्षक

एका गावात एक मंगल कार्यालय होतं. मालक रंभाजीराव. गेल्या वर्षी त्यांच्या वेबसाइटनं एकाच मुहूर्ताला दोन लग्नं घेतली. दारात दोन घोडे, दोन नवरदेव, आणि अंतरपाट एक. खोटं वाटेल, पण त्यातला एक घोडा अजूनही सनई ऐकली की फुरफुरतो.

यंदा पुन्हा तसा घोळ झाला असता, तर कार्यालयाला टाळंच लागलं असतं. म्हणून साइट बनवणाऱ्या सुनेनं, कालिंदीनं, साइट तपासणारे दोन प्रोग्रॅम आणून पाहिले. असा प्रोग्रॅम स्वतःच ब्राउझर उघडतो, माणसासारखी तारीख निवडतो, बटणं दाबतो आणि काय चुकलं ते सांगतो.

पहिल्यानं मिनिटभरात हजार तपासण्या केल्या. सगळ्या हिरव्यागार, म्हणजे कुठंच चूक नाही. दुसरा रेंगाळला, कुरकुरला आणि म्हणाला, "दोघांनी एकदम बटण दाबलं, तर तारीख दोघांनाही मिळते."

"सूनबाई, पहिलाच घ्या," रंभाजीराव म्हणाले. "दुसरा आपल्या आत्याबाईंसारखा आहे. जेवायचं आणि वर खोड काढायची."

कालिंदीलाही पहिलाच आवडला होता. साइट तिचीच होती ना.

भिवा आचारी कढई घासत होता. तो म्हणाला, "वहिनी, आमटी चाखायला नवा माणूस आला की मी त्याला आधी अळणी वाढतो. 'फक्कड' म्हणाला, तर त्याची जागा पंगतीत. चुलीपाशी नाही."

मग कालिंदीनं साइटवरचं बुकिंगचं बटणच काढून टाकलं आणि दोन्ही प्रोग्रॅम पुन्हा चालवले. दुसरा लगेच अडून बसला: "बटण कुठं आहे?" पहिला मात्र हिरवागार. तिनं तारखांचं पान काढलं. हिरवागार. शेवटी तिनं साइटच बंद केली. तरी हिरवागार.

"हा तर कार्यालय नसतानाही लग्न लावेल," रंभाजीराव म्हणाले. "ह्याला वधूवर सूचक मंडळात पाठवा."

साइट पुन्हा सुरू करून कालिंदीनं आणि भिवानं दोन फोनवरून एकदम बटण दाबलं. एकच तारीख दोघांनाही मिळाली. कालिंदीनं कपाळावर हात मारला, चूक दुरुस्त केली आणि दुसरा प्रोग्रॅम ठेवून घेतला.

यंदा मुहूर्ताला दारात एकच घोडा आला. गेल्या वर्षीचाच होता म्हणे. आत शिरण्याआधी त्यानं दोनदा मागं वळून पाहिलं.

तात्पर्य: जो परीक्षक सगळंच छान म्हणतो, त्याच्यापुढे एकदा मुद्दाम चूक ठेवून पाहावी, आणि खोड काढणारा खरा निघाला, तर त्याला मानाचं पान वाढावं.