सुटलेल्या प्रश्नांची भिंत

फार जुनी गोष्ट आहे. मुलांनो, ऐका, आणि मोठ्यांनी तर जरा जास्तच लक्ष देऊन ऐका.

एका राज्यात एक नावाजलेलं गुरुकुल होतं. तिथला शिरस्ता असा, की शिक्षण संपत आलं की शिष्यांनी गट करून एखाद्या गावी जायचं आणि त्या गावाची एक अडचण सोडवायची. अडचण सुटली की गुरुकुलात शेवटची परीक्षा होई, भिंतीत त्या गावाच्या नावाचा दगड बसे आणि गटाला पदवी मिळे. मग त्या गावी पुन्हा कोणी फिरकत नसे. सुटलेल्या प्रश्नाला दुसरा दगड मिळत नाही, मग जायचं कशाला?

असाच एक गट नदीकाठच्या गावी आला. गाव दोन्ही काठांवर वसलेलं आणि ये-जा करायला एकच तराफा. गावची सुईण चंद्राई अलीकडच्या काठावर राहायची. पुरात तराफा कसाबसा, फार वेळ लावून पोचे. तोवर पलीकडच्या बाळंतिणीचे हाल होत.

शिष्य हुशार होते, मनानेही चांगले होते. त्यांनी दोरांचा झुलता पूल बांधायला घेतला. फळ्या कमी पडल्या, तेव्हा तराफा मोडून त्याच्या फळ्या वापरल्या. गावानेही त्या आनंदाने दिल्या.

पुलावरून सगळ्यांत आधी चंद्राई चालत गेली. परत येऊन गटाच्या प्रमुखाला म्हणाली, "लेकरा, झकास झालाय. पण दोर काय जन्मभर टिकायचे नाहीत. या गाठी कशा मारायच्या, तेवढं आमच्या पोरांना शिकवून जा."

"आई, परवा आमची परीक्षा आहे," तो म्हणाला. "दर उन्हाळ्यात मी स्वतः येऊन दोर बदलीन."

तो खोटं बोलत नव्हता. मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

भिंतीत दगड बसला. तो प्रमुख पुढे त्याच गुरुकुलात आचार्य झाला. उन्हाळे आले आणि गेले.

शेवटी गावचे पाटील गुरुकुलात आले. "आचार्य, दोर कुजलेत. आम्ही बदलायला गेलो, तर सुटलेली गाठ आम्हाला पुन्हा बांधता येईना. कुणाला तरी धाडा."

आचार्यांनी शिष्यांना विचारलं. एकही जायला तयार होईना. डागडुजीला दगड कोण देणार? स्वतः जावं असं आचार्यांच्या मनात आलं, पण परीक्षेचे दिवस होते. "पुढच्या वर्षी बघू," ते म्हणाले.

पावसाळ्यात नदी फुगली आणि पलीकडे एक बाई अडली. लोकांनी चंद्राईला थांबवून पाहिलं. तराफा असता तर ती उशिरा का होईना, पोचली असती.

"ती माझी वाट बघत असंल," असं म्हणून ती पुलावर चढली. मधोमध गेल्यावर दोर तुटला. चंद्राई वाहून गेली. पलीकडची बाई आणि तिचं बाळ, दोघंही वाचली नाहीत.

पाटलांनी येऊन हे सांगितलं, तेव्हा आचार्य छिन्नी घेऊन भिंतीतला तो दगड काढायला धावले. पाटलांनी त्यांचा हात धरला.

"काढू नका. काढलात तर तुम्ही मोकळे व्हाल. त्याच्याखाली आमच्या चंद्राईचं नाव कोरा."

आचार्यांनी रडत रडत नाव कोरलं. मग ते नवा पूल बांधून देतो म्हणाले, पण गावाने त्यांना काठावर येऊ दिलं नाही. गावकऱ्यांनी आपल्या हातांनी पुन्हा तराफा बांधला.

म्हणून सांगतो, दुसऱ्याच्या गावात हाती घेतलेलं काम आपली परीक्षा संपली म्हणून संपत नाही.