चावडीपुढचे न धुतलेले धोतर

गिरणेकाठच्या चिंचदऱ्यात पौष लागला की चावडीपुढच्या सागवानी खांबावर एक न धुतलेले धोतर चढते. नवखा माणूस ते पाहून थबकतो. मग दगाजी आप्पा त्याला ओट्यावर बसवतात आणि सारजा परटिणीची हकिकत सांगतात. ती किती पिढ्यांमागची, हे त्यांनाही नक्की ठाऊक नाही.

सारजा साऱ्या गावाची धुणी धुई. त्याबद्दल सुगीत प्रत्येक खळ्यावरून तिला गव्हाचे बलुते मिळे आणि त्यावर तिचे व लहानग्या चंपीचे वर्ष निघे. तिच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. तरी गावातल्या प्रत्येक शेतात तिचा घास उभा असे.

त्या पौषात म्हणे आठ दिवस आभाळ गढूळ होते आणि दव दुपारपर्यंत हटत नव्हते. अशात तुळाजी पाटलांचे धोतर धुवायला आले. गुडघ्याखाली नारिंगी डाग होते. सारजाने एक डाग अंगठ्याने चोळून पाहिला. गेरू असता तर बोटांत कचकचला असता. हे हळदीसारखे मऊ होते. रोगट गव्हातून चालल्याशिवाय असा डाग पडत नाही, हे तिला तिच्या आईने शिकवले होते. तो तांबेरा होता.

ती ओल्या हातांनीच पाटलांच्या दारी गेली.

"पाटील, तुमच्या गव्हावर तांबेरा आलाय. तेवढा तुकडा आजच कापून जाळा. वारा सुटला तर सगळं शिवार जाईल."

पाटील सुपारी कातरत होते. "सारजे, तू डाग काढ. शेतीचं आम्ही बघू." मग आवाज उतरवून म्हणाले, "माघात लेकीला बघायला पाहुणे यायचेत. भर शेतात जळकं टक्कल दाखवू का त्यांना? पंधरा दिवसांची तर गोष्ट!"

सारजा परतली. तिने भट्टी लावली आणि ते धोतर असे पांढरे करून दिले, की पाटलीणबाईंनी तिचे कौतुक केले. ते कौतुक तिला पुढे जन्मभर टोचत राहिले.

चार दिवसांनी दुसरे धोतर आले, मांडीपर्यंत माखलेले. ते मात्र तिने धुतले नाही. गुंडाळून घरात ठेवले. पाटलीणबाईंनी विचारले तेव्हा, "डाग निघत नाही," एवढेच ती म्हणाली. तोवर वारा सुटला होता. माघ सरता सरता घाटावर येणारे प्रत्येक धोतर नारिंगी होते.

फाल्गुनात खळ्यांवर जे पडले, ते गहू नव्हेत, जिरे होते. गाव चावडीवर जमले. पाटील भट्टीच्या धोतरात पुढे बसले.

"देवीचा कोप आहे हा," ते म्हणाले. "कुणा बाईचं पाऊल वाकडं पडलं असणार."

सारजा उठली. "पाऊल पडलंच, पाटील. तुमचं. तांबेऱ्याच्या गव्हात."

"पाटलांशी नीट बोल, बाई," कोणीतरी दटावले.

"नीट बोलले होते मी. पौषात."

तिने ते माखलेले धोतर उलगडले आणि खांबाला बांधले. "तुमच्या पेवात दोन सालांचा गहू आहे. आमचं पेव शिवारात उभं होतं. ते तुम्ही पाहुण्यांपायी नासू दिलंत. आणि पहिला डाग मी धुतला. माझे हात झडोत! आजपासून पौषात या गावचं धोतर आधी इथं चढेल, मग घाटावर येईल. नाहीतर मी धुणार नाही, माझ्यामागंही कुणी धुणार नाही."

गावाने त्याच दिवशी पाटलांचे पेव फोडले, असे सांगतात. त्यातला गहू घरोघर वाटूनही आषाढात संपला. त्या श्रावणात गावातली सात पोरे गेली. त्यांत चंपी होती. पाटलांच्या लेकीचे लग्न मात्र ठरल्याप्रमाणे थाटात झाले होते. हे वाक्य आप्पा दात आवळून म्हणतात.

आजही पौषात घरोघरचा एकेक माणूस पांढरे धोतर नेसून आपल्या गव्हातून चालतो. ज्याच्या धोतराला डाग, त्याचा तुकडा सारे गाव मिळून दुपारच्या आत कापते, आणि त्याची भरपाई प्रत्येक खळे करते. पहिले धोतर पाटलांच्याच घरचे असते. ते ना परटाने आणायचे, ना गड्याने. पाटलानेच ते सगळ्यांदेखत सोडायचे, स्वतःच्या हाताने खांबाला बांधायचे, आणि गाव ते न्याहाळून "बरं" म्हणेपर्यंत लंगोटावर थंडीत उभे राहायचे. गाव घाई करत नाही.