बघून काप

"माझ्या वाघात खोट काय आहे, तेवढं सांगा!"

उमाकांतने वाघ फळीवर असा आपटला, की शेजारचे दोन ससे उडून भुशात पडले.

बाबल मेस्त्री करवत चालवत राहिले. त्यांची करवत पायावर चालायची. खाली पाय दाबला की वर केसाएवढं पातं खर्र खर्र नाचायचं. आत्ता त्या पात्याखाली एक खार होती, अजून शेपटीने लाकडाला धरून राहिलेली.

"मेस्त्री, मी विचारतोय!"

मेस्त्रींनी खार पात्याखाली किंचित वळवली.

"अकरा वर्षं झाली!"

खर्र… खर्र… खारीच्या शेपटीला आणखी एक वळण आलं.

घाटाच्या पायथ्याच्या त्या पेठेत लाकडाचे प्राणी कापून विकणारी दुकानं पुष्कळ होती. पण बाबल मेस्त्रींच्या प्राण्याच्या पोटावर तापल्या सळईचा एक बारीक डाग असायचा. इतर ठिकाणी डाग लागला की माणूस तोंड लपवतो. इथे शिष्याच्या प्राण्याला मेस्त्रींनी डाग दिला, की तो शिष्य स्वतःचं दुकान थाटायला मोकळा. त्या डागाचा हत्ती एका गिऱ्हाइकाने घरी नेला, तर सकाळी शेजारचा ऊस अर्धा झालेला होता म्हणतात. खुद्द ऊसवाल्यानेच सांगितलंय, आता त्याला खोटं कसं पाडायचं?

अकरा वर्षांत उमाकांतच्या एकाही प्राण्याला डाग मिळाला नव्हता. ह्या वाघाला तरी मिळेल, म्हणून तो सकाळी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आला होता. मेस्त्रींनी वाघ हातात घेतला होता आणि परत दिला होता. बस्स.

"त्या सदूला तीन वर्षांत दिलात! कशावर? बेडकावर! त्या बेडकाला पाय तीनच होते, मेस्त्री! मी मोजलेत!"

"चौथा उडीत होता."

उमाकांतच्या कानशिलाची शीर टरारली.

"आणि माझी एक रेघ दाखवा बाहेर गेलेली. एक! सगळ्या पेठेत माझ्यासारखा रेघेवर कापणारा दुसरा आणून दाखवा, मिशी उतरवतो!"

करवत थांबली.

काम पाहताना मेस्त्रींचा डावा डोळा आपोआप अर्धा मिटायचा. तसा तो मिटला. ते उठले, फडताळातून उमाकांतचा पहिला वाघ काढला, अकरा वर्षांपूर्वीचा. फुंकर मारून त्याच्यावरची धूळ उडवली. आणि तो नव्या वाघावर अलगद ठेवला.

नवा वाघ चारी अंगांनी बाहेर आला. करंगळीएवढा.

"सुजलाय," मेस्त्री म्हणाले.

उमाकांत बघतच राहिला. आता त्याची रीत पेठेत सगळ्यांचीच होती. गेल्या वर्षीचा प्राणी नव्या फळीवर ठेवायचा, त्याच्या कडेकडेने पेन्सिल फिरवायची आणि त्या रेघेवर कापायचं. पण पेन्सिल प्राण्याच्या बाहेरून फिरते. म्हणजे दर खेपेला एक रेघ जास्त. हात जितका इमानदार, तितकं प्राण्याचं अंग चढत जाणार.

हे त्याला कळलं आणि तो अधिकच भडकला.

"ही तुमची करणी! मूळ नमुन्यांची पेटी तुमच्या कुलपात! एकदाही कागद हाताला लागू दिला नाहीत! आणि पहिल्या दिवशी मला काय म्हणालात? बघून काप! बघूनच कापत आलो ना मी?"

"मी बघ म्हणालो. तू गिरवत बसलास."

"पेटी उघडा."

"पाणी पी आधी."

"पाणी नको! पेटी उघडा, नाहीतर आजच्या आज निघालो. तुमचा डाग नको नि काही नको. खालच्या आळीत जाऊन पाळण्याच्या फळ्या ठोकीन. निदान पाळणा सुजत तरी नाही!"

मेस्त्री परत करवतीवर जाऊन बसले.

मग कनवटीची किल्ली काढली.

पेटीत एकच कागद होता. खळीचे डाग पडलेला, घडीवर विरलेला. उमाकांतने तो उजेडात धरला.

कागदावर मांजर होतं.

"हे काय आहे?"

"आपला वाघ."

"हे मांजर आहे!"

"माझ्या गुरूंनी दिलं तेव्हा मांजरच होतं. मग मीही गिरवत बसलो. वीस वर्षं. एका वर्षी रंगारी आला, त्याने पाहिलं आणि पट्टे रंगवून टाकले."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"पट्टे चांगले काढले होते त्याने."

"म्हणजे अकरा वर्षं मी सुजलेलं मांजर कापतोय? लोक भिंतीवर लावतात ते, पाहुण्यांना दाखवतात! मग हे आहे तरी काय, वाघ की मांजर?"

"उंदराला विचार."

उमाकांतने वाघ उचलला आणि जमिनीवर फेकला. शेपूट तुटून दारापर्यंत गेली.

"उठा!" तो ओरडला.

कुणी आपल्या गुरूला असं म्हणतं का? पण मेस्त्री उठले. एसटीत कंडक्टरने जागा सोडायला सांगावी, तसे निमूट उठून बाजूला उभे राहिले. उमाकांत करवतीवर बसला. शिवणीच्या लाकडाची एक फळी ओढली, आणि रेघ न मारता, कागद न लावता, सरळ पात्याखाली घातली.

भुसा असा उडाला, की समोरच्या चहावाल्याने दुधावर झाकण टाकलं.

पहिल्यांदा आली पाठ, पाय दाबून दाबून कुबड धरलेली. मग केसाळ कान. लोंबता खालचा ओठ. धोतराबाहेर आलेलं पोट. पातं तटकन तुटलं. उमाकांतने शिवी हासडली, दुसरं चढवलं. तेही तुटलं. तिसरं चढवलं.

डोळ्यांपाशी आल्यावर गिरमिटाने भोक पाडलं, पातं सोडून त्यातून ओवलं. उजवा डोळा गोल कापला. डाव्यापाशी हात अडला. त्याने मान वर केली. मेस्त्रींकडे रागाने बघितलं. कापलं. पुन्हा बघितलं. पुन्हा कापलं…

चहावाल्याचं दूध दोनदा उतू गेलं, तेव्हा करवत थांबली.

"हे घ्या!" त्याने ते लाकूड मेस्त्रींच्या अंगावर जवळजवळ फेकलंच. "हे तुम्ही! अस्वल! सगळं बुडाखाली दाबून बसलेलं म्हातारं अस्वल! द्या आता यालाही परत!"

मेस्त्रींनी ते दोन्ही हातांत धरलं. उलटं केलं. सुलटं केलं. त्यांचा डावा डोळा अर्धा मिटला. अस्वलाचाही डावा डोळा अर्धाच मिटलेला होता. कडा कुठे कुठे खरबरीत होत्या, एका पंज्याला चार नखं आणि दुसऱ्याला सहा. मेस्त्री आणि अस्वल एकमेकांकडे बराच वेळ पाहत राहिले…

मग मेस्त्री शेगडीपाशी गेले. निखाऱ्यातली सळई काढली.

चर्र.

धुराची एक बारीक रेघ वर गेली.

उमाकांत पुढची शिवी तोंडात घेऊन उभा होता. ती त्याने तशीच गिळली.

"मेस्त्री… हा डाग…"

"पोटावरच देतात."

त्याने अस्वल हातात घेतलं. डागावर बोट ठेवलं. पोळलं, तरी काढलं नाही. नाक ओढलं, सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले, तर डोळ्यांतच भुसा गेला. मग हसला, आणि घाईघाईने एक कोरी फळी पुढे ओढली.

"आता बघा तुम्ही! जत्रेच्या आत याचे पन्नास पाडतो!"

त्याने अस्वल फळीवर नीट सपाट ठेवलं. डाव्या हाताने दाबून धरलं. कानावरची पेन्सिल काढली आणि टोक पाठीच्या कुबडाला टेकवलं.

मेस्त्रींनी झडप घालून त्याचं मनगट पकडलं.

"हात काढ, मेल्या. चावेल."