येसबाची फॅट

एका गावात एक भोळा म्हैसवाला होता. गाव लहान होतं, म्हैस मोठी होती. म्हशीचं नाव चंद्री. म्हैसवाल्याचं नाव येसबा. त्याच्या बायकोचं नाव गोजरा. घरात अक्कल कुणाकडे आहे असं चंद्रीला विचारलं असतं, तर तिनेही गोजराकडेच बघितलं असतं.

येसबा सांगितलेलं कधी मोडत नसे. जसं सांगितलं तसंच करी. फक्त जिथे करायचं तिथे न करता, त्याच्या पुढच्या ठिकाणी करी.

एकदा येसबाच्या कोपरांवर आणि गुडघ्यांवर लाल चट्टे उठले. चट्ट्यांवर पांढरे पापुद्रे धरले. तो कॅन घेऊन डेअरीत आला की रांग मधोमध फाटायची. शेवटी सचिव भाऊसाहेब म्हणाले, "येसबा, हे आम्हाला लागलं म्हणजे? रविवारी सभा आहे. तोवर कॅन दारातच ठेवत जा आणि डॉक्टरला दाखव. याची लागण होत नाही असं डॉक्टरने सांगितलं, तर तुझं दूध घेऊ. नाहीतर बंद."

चंद्रीच्या दुधावरच घर चाललं होतं.

येसबा तालुक्याला गेला. डॉक्टर हुपरीकरबाईंनी डेअरीच्या सभेची अट ऐकली, चट्टे पाहिले, बोटांनी चाचपले.

"हा सोरायसिस. एकाचा दुसऱ्याला होत नाही. मी स्वतः येऊन सांगते तुमच्या सभेत. पण येसबा, कातडीवर दिसतो तेवढाच हा आजार नसतो. आत शरीरात दाह चालू असतो. अशा माणसांचं कोलेस्टेरॉल बऱ्याचदा बिघडलेलं सापडतं."

"कोलेस... हे कुणाचं?"

"तुमचंच. रक्तातली फॅट म्हणा."

येसबा ताठ बसला. फॅट त्याला कळत होती; डेअरीत दुधाचा भाव फॅटवरच ठरायचा. (बाईंचं बोलणं मला जेवढं उमगलं तेवढं लिहिलं आहे. चूक असेल तर ती माझी, बाईंची नव्हे.)

"उद्या सकाळी उपाशीपोटी या. रक्त तपासू."

"एवढंच ना? ध्यानात ठेवतो," येसबा म्हणाला.

घरी येऊन त्याने गोजराला सांगितलं, "उद्या माझा उपास." गोजराने भक्तिभावाने साबुदाणा भिजत घातला.

सकाळी रक्त काढणाऱ्याने सुई हातात घेतली. "काही खाल्लं नाही ना?"

"छे! साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस, केळी आणि वाटीभर दही. बाकी कडक उपास."

त्याने सुई खाली ठेवली. आतून बाई ओरडल्या, "अहो, तपासणी असली की आदल्या रात्रीपासून पोटात पाण्याशिवाय काही घालायचं नाही!"

"एवढंच ना? ध्यानात ठेवतो."

ठेवलंही. डेअरीत रोज सकाळी चंद्रीच्या दुधाची तपासणी व्हायची. त्या रात्री येसबाने तिच्या पुढ्यातली वैरण उचलली आणि पाण्याची बादली ठेवली. सकाळी धार काढायला बसला तेव्हा चंद्रीने दुधाऐवजी लाथ दिली.

गोजरा धावत आली. "अवो, म्हशीला उपाशी कुणी ठेवलं?"

"तपासणी आहे ना तिची."

"तपासणी असली की पोटभर चारायचं! सरकी घालायची, पेंड घालायची. मग फॅट चढते!"

"एवढंच ना? ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी रक्त काढणाऱ्याने लांबूनच विचारलं, "आज तरी पोट रिकामं?"

"रिकामं कसं? पाटीभर पेंड खाल्ली. सरकीही खाल्ली. पण ती दातांत फार अडकते हो."

तो माणूस बाहेर जाऊन झाडाखाली उभा राहिला.

त्या रात्री गोजराने येसबाच्या तोंडाला बैलाचं मुसकं बांधलं आणि सकाळी स्वतः मनगट धरून त्याला दवाखान्यात नेलं. रक्त निघालं. बाईंनी आकडे बघितले आणि चष्मा काढला.

"येसबा, फॅट बरीच चढली आहे."

येसबा उडी मारून उठला. समोरच्या दुकानातून पेढे घेऊन आला आणि बाकावर बसलेल्या पेशंटना वाटू लागला. "घ्या, घ्या! तोंड गोड करा!"

"मुलगा झाला का हो?" एका म्हातारीने विचारलं.

"त्याच्याहून भारी, आजी. फॅट लागली!" मग तो आत येऊन बाईंना म्हणाला, "बाई, भाव काय देता?"

बाईंनी त्याला खुर्चीत बसवलं. "येसबा, नीट ऐका. फॅट चढणं वाईट. हृदयाला धोका. चढली की घाबरायचं. तळलेलं बंद, तूप कमी, रोज चालायचं. गोळी मी देतेच आहे. फॅट उतरली की मग वाटा पेढे. चट्ट्यांना मलम लावा आणि खाजवू नका. खाजवलं की वाढतं."

"एवढंच ना? ध्यानात ठेवतो."

गोजरा तेवढ्यात औषधाच्या दुकानात गेली होती. ती तिथे असती तर पुढचं टळलं असतं. निदान मला तसं वाटतं. खात्री देता येत नाही.

रविवारी सभा भरली. बाई आल्या. सगळ्यांसमोर त्यांनी येसबाचं कोपर हातात धरलं. "बघा, मी हात लावते आहे. हे स्पर्शाने होत नाही, दुधातून होत नाही, शेजारी बसून होत नाही." एवढं बोलून त्यांनी येसबाच्या कपातला उरलेला चहा पिऊन टाकला.

डेअरीचे अध्यक्ष विचारात पडले आणि टक्कल खाजवू लागले. येसबाने झेप घेऊन त्यांचं मनगट पकडलं.

"अध्यक्ष, खाजवू नका! वाढतं!"

सभा हसली. अध्यक्षही हसले आणि थोडे शरमलेही. "चुकलंच आपलं. येसबाचं दूध आजपासून रांगेत घ्यायचं. आणि लोकांची भीती कायमची मोडायची आहे ना? उद्या भाऊसाहेब भाचीच्या लग्नाला चाललेत. फॅटच्या मशीनवर उद्या येसबाच बसेल!"

गोजराने पदराने डोळे पुसले.

भाऊसाहेबांनी येसबाला शिकवलं, "नमुना मशीनला लावायचा. फॅटचा आकडा बघायचा. चांगलं दूध टाकीत, वाईट दूध परत. कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही."

"एवढंच ना? ध्यानात ठेवतो."

सकाळी निघताना येसबाने पेढ्यांचा पुडा बरोबर घेतला. कुणाची उतरली तर हाताशी असलेला बरा.

पहिल्या आल्या विमलकाकू. त्यांच्या म्हशीचं दूध म्हणजे दाट साय. आकडा वर गेला. येसबाचा चेहरा पडला.

"काकू, बसा. पाणी प्या. चढलीये."

"चढणारच! ओत टाकीत."

"टाकीत कसलं? धोका आहे. तळलेलं बंद करा. रोज टेकडीपर्यंत चालायचं. दूध परत."

"अरे, कुणी चालायचं? मी का म्हशीने?"

"दोघींनी चाला. सोबत होईल."

काकू घागर घेऊन तणतणत गेल्या. पाठोपाठ आला दगडू. दगडूच्या दुधात पाणी असतं हे सगळ्या गावाला माहीत होतं. खरं तर त्याच्या पाण्यात थोडं दूध असायचं. आकडा तळाला गेला. येसबा मशीनवरून उठला आणि दगडूला त्याने मिठी मारली.

"दगडू, जिंकलास! उतरली!"

त्याने दगडूच्या तोंडात पेढा कोंबला आणि दूध टाकीत ओतलं. दगडूचे डोळे भरून आले. त्याच्या दुधाला आजवर कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. तो घरी पळाला आणि उरलेलं दूध आणखी सुधारून घेऊन आला.

रांगेने दगडूकडे बघितलं. मग पेढ्याकडे बघितलं. मग डेअरीच्या नळाकडे बघितलं. थोड्याच वेळात रांग मशीनची राहिली नाही, नळाची झाली. येसबा ज्याला त्याला शाबासकी देत होता. "बघा, पथ्य पाळलं की कसा गुण येतो!" टाकी काठोकाठ भरली. एवढी ती दिवाळीतही भरली नव्हती. पेढे संपले, आणखी मागवले.

सगळ्यात शेवटी गोजरा आली. आज तिला कॅन दारात ठेवायचा नव्हता. ती रांगेतून आत आली आणि रांग फाटली नाही. चंद्रीने त्या लाथेच्या दिवसापासून मनसोक्त पेंड खाल्ली होती. गोजराने हसत नमुना पुढे केला.

असला आकडा त्या मशीनने कधी दाखवला नव्हता.

येसबाने पेढ्यांचा पुडा मागे सरकवला. "गोजरे, चंद्रीचं दुखणं एवढं वाढलं आणि तू मला बोललीसुद्धा नाहीस?"

"अवो, कसलं दुखणं? वता की टाकीत!"

"हे दूध गावाला पाजू? बाईंनी हृदयाला धोका सांगितलाय. बायको असलीस तरी नियम म्हणजे नियम." त्याने कॅनचं झाकण हलक्या हाताने लावलं. "परत ने. आणि येताना चंद्रीला टेकडीवरून फिरवून आण."

गोजराला काही समजेना. तिने टाकीत वाकून बघितलं. तिला टाकीचा तळ स्वच्छ दिसला.

ती ओरडायच्या आत टँकर आला आणि टाकी रिकामी करून गेला.

दुपारी शहरातल्या प्लँटचे साहेब जीप घेऊन आले. उतरले तेच ओरडत. "कोण आहे इथे मशीनवर? अहो, तुमच्या अख्ख्या टँकरमध्ये फॅट औषधालासुद्धा नाही!"

येसबाने हात जोडले. मग पुड्यातला शेवटचा पेढा साहेबांच्या हातावर ठेवला.

"औषध लागलंच नाही, साहेब. नुसत्या पथ्यावर उतरवली. अख्ख्या गावाची!"

तेव्हापासून डेअरी येसबाचं दूध बिनतक्रार घेते. डेअरीचं दूध मात्र कुणी घेत नाही.