रिकामा सरता

एकदा एक विधुर शेतकरी पदराला बांधावे तसे उपरण्याच्या टोकाला मातीचे एक ढेकूळ बांधून आपल्या गुरूकडे गेला. गुरू म्हणजे गावाबाहेरच्या मठीत राहणारा ऐंशीच्या घरातला म्हातारा. सगळे त्याला आबाजी म्हणत. त्याच्यापाशी पोथी नव्हती की गादी नव्हती. मठीमागे दोन एकरांचा कोरडवाहू तुकडा होता आणि माणसाचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेण्याची सवय होती. शेतकरी तरुणपणापासून त्याचा शिष्य. संध्याकाळी मठीत बसणाऱ्यांत तो सर्वांत कमी बोले, आणि केवळ तेवढ्या भांडवलावर गावाने त्याला शहाण्यात जमा केले होते.

त्याने ढेकूळ सोडून आबाजींच्या पुढ्यात ठेवले. आबाजींनी ते दोन्ही हातांनी दाबले. फुटेना, तेव्हा उंबऱ्यावर आपटले. आत मुळाचा धागा नव्हता, गांडुळाचे बीळ नव्हते, ओल तर नव्हतीच.

"माती मेली, आबाजी," शिष्य म्हणाला. "पाणी पडलं की वरून पापुद्रा धरते आन् सारं पाणी नाल्यात वाहून जाते. खताची पोती टाकून पाह्यली, ती बी त्याच वाटेनं गेली. जवारी गुडघ्याच्या वर येत नाही. वीटभट्टीवाला वावर मागून राह्यला. हातभर माती उचलून नेतो म्हणते. देऊन टाकतो."

भट्टीवाला व्यापारी सरळ माणूस होता. न पिकणाऱ्या मातीच्या विटा होतात, हे त्याने लपवले नव्हते. पण हातभर माती गेली की खाली उरतो तो मुरूम, आणि त्या मुरुमावर त्या शेतकऱ्याच्या हयातीत काही उगवणार नव्हते. हे शिष्याला पक्के माहीत होते. खरे सांगायचे तर आबाजींनी आपल्याला अडवावे, एवढ्यासाठीच तो ते ढेकूळ घेऊन आला होता.

"कधीपासून झालं असं?" आबाजींनी विचारले.

"सात वर्सं झाली असतील."

आबाजींनी बोटांवर वर्षे मोजली. सात वर्षांपूर्वी त्याची बायको कौतिका तापाने गेली होती. शिष्याने तोंडाने वर्षे सांगितली, पण त्याच्या मनात त्या दोन्ही मोजण्या एकत्र आल्या नव्हत्या.

"यंदाची पेरणी होऊ दे," आबाजी म्हणाले. "मी येतो संगं. मग काय देयाचं ते दे."

कौतिका होती तेव्हा त्या शेतात पेरणीला दोन माणसे चालत. पुढे तो, तीन नळ्यांच्या पेरणीच्या तिफणीवर, ज्वारीची मूठ सोडत. मागे ती, हातात सरता धरून. सरता म्हणजे तिफणीला दोरीने बांधलेली, मागे ओढत येणारी बांबूची नळी. तिच्या तोंडाशी बी सोडायचे वाटीएवढे चाडे. ठराविक फेऱ्यांना तिफणीचे एक नळे बोळा कोंबून बंद करायचे, आणि त्या मोकळ्या तासात, म्हणजे ओळीत, कौतिकाने ओटीतले बियाणे सरत्यातून सोडायचे. ओटीत तूर असे, आणखीही काय काय असे. तो कुरकुर करी, की तुझ्या तासापायी माझी ज्वारी मागे पडते. ती ऐकून घेई आणि पुढच्या फेरीला पुन्हा सरता उचली. ती गेल्यावर दुसऱ्या कुणी बाईने आपल्या मागून चालावे, हे त्याला सोसेना. त्याने सरता गोठ्याच्या आढ्याला टांगला आणि सगळ्या शेतात ज्वारीच पेरली. त्या वर्षी ज्वारी खरेच जास्त झाली. आपले म्हणणे बरोबर होते, असे त्याला वाटले, आणि असे वाटल्याचे वाईटही वाटले.

पेरणीच्या दिवशी पाऊस मुरून जमिनीला पेरण्याजोगा वापसा आला होता. आबाजी काठी टेकत आले, त्यांनी आढ्यावरचा सरता उतरवून घेतला, धोतराच्या सोग्याने त्याच्यावरची जाळी पुसली आणि तो तिफणीला बांधला. बैल निघाले तसे म्हातारा मागून चालू लागला. चाड्यावर त्याची मूठ उघडत होती, मिटत होती. पेरणीच्या दिवसांत कुणाला मान वर करायला फुरसत नसते, तरी आजूबाजूच्या वावरांतल्या लोकांनी ती काढली आणि पोटभर हसून घेतले.

चौथ्या फेरीला शिष्याने मागे वळून पाहिले. पाचव्या फेरीला दोनदा पाहिले. आबाजींच्या मुठीतून काहीच पडत नव्हते. म्हाताऱ्याचे पाय लटपटत होते, घाम भुवयांवरून ओघळत होता, आणि हात मात्र नेमाने उघडझाप करत होता. शिष्याला वाटले, वयाने बुद्धी गेली. त्याने बैल उभे केले.

"आबाजी, चाड्यात दाणा नाही."

"नाही," आबाजी म्हणाले आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन बसले. दम खाऊन झाल्यावर बोलले.

"जवारी नुसती खाते, लेका. तूर खाते आन् घालते बी. तिचं मूळ कंबरभर खाली जाते, बसलेली जमीन फोडते, तिथून पाणी मुरते. थंडीत तिचा पाला झडते, तो मातीले जाते. तिच्या तुराट्या तुह्या चुलीत जळत, म्हणून गोठ्यातलं शेण उकिरड्यात जाये, आन् उकिरडा वावरात. तू ते तास बंद केलं. मंग चुलीत काय घातलं?"

"गोवऱ्या," शिष्य म्हणाला. आपलाच आवाज त्याला लांबून आल्यासारखा वाटला.

"म्हणजे सात वर्सं वावराच्या तोंडचा घास चुलीले दिला. हे मले मठीत बसून बी सांगता आलं असतं. तू मान हलवून घरी गेला असता. वीस वर्सं कौतिका तुह्या मागून चालली. तू कधी वळून पाह्यलं? आज पाह्यलं, कारण हात रिकामा व्हता. भरलेला व्हता तवा नाही पाह्यलं."

शिष्याने सरत्यापाशी जाऊन रिकाम्या चाड्यात बोट फिरवले. मग त्याने विचारले, "तुरीसंगं आणखी काय काय टाकायची ती?"

"मले काय पुसतं," आबाजी म्हणाले. "बायको तुही व्हती."

त्याला ठाऊक नव्हते. एका ताटातले वीस वर्षे खाल्ले, एका शेतात वीस पेरण्या केल्या, आणि तिच्या ओटीत काय असे हे त्याला सांगता येईना. त्या क्षणी त्याला झालेले दुःख तिच्या तेराव्याला झाले होते त्याहून मोठे होते. तेव्हा ती गेली होती. आज ती आपल्याला कधी दिसलीच नव्हती, हे त्याला कळले.

तो शेजारच्या वावरात गेला. तिथली म्हातारी कौतिकाच्या बरोबर निंदायला, म्हणजे तण काढायला, जात असे. ती आठवून आठवून म्हणाली, "तूर तं व्हतीच. अंबाडी व्हती. बरबटीचे दाणे व्हते. आन् आणखी एक पांढरं, बारीक काहीतरी टाकायची. म्या पुसलं एकदा. हासली आन् म्हणे, माहेरचं हाय." पुढचे तिला आठवेना. तिने आपल्या ओटीतली तूर, अंबाडी आणि बरबटी, म्हणजे चवळी, त्याच्या उपरण्यात ओतली.

तो परत आला तेव्हा आबाजी तिफणीपाशी उभे होते. कासरे त्यांच्या हातात होते. "मी पुढं होतो," ते म्हणाले. "तू सरता धर."

शिष्याने सरता उचलला. बैल चालू लागले. सरता सरळ धरायचा तर नजर मातीवर ठेवावी लागते, आणि मान वर केली तर पुढच्याची पाठ दिसते. त्याने मान वर केली. घामाने भिजलेली एक पाठ, हलणारे खांदे, आणि काही नाही. तोंड दिसत नव्हते. वीस वर्षे कौतिकाने एवढेच पाहिले होते. तो रडला, आणि रडताना मूठ चुकू नये म्हणून बियाणे जपून सोडत राहिला. आबाजींनी मागे वळून पाहिले, आणि प्रत्येक फेरीला पाहत राहिले.

वीटभट्टीवाल्याला त्याने नाही म्हणून सांगितले. पहिल्या वर्षी फारसा फरक पडला नाही. दुसऱ्या वर्षी चुलीपुरत्या तुराट्या झाल्या आणि गोवऱ्या थापणे थांबले. चौथ्या वर्षी शेतातले ढेकूळ हाताने फुटू लागले. ते दाखवायला तो मठीत गेला असता, पण आबाजी आदल्या हिवाळ्यात गेले होते.

त्या पांढऱ्या बारीक दाण्यासाठी तो कौतिकाच्या माहेरी जाऊन आला. तिची आई-भावजय कुणी उरली नव्हती. भाचे नुसता कापूस लावत होते. त्याने वर्णन केले, त्यांनी माना हलवल्या.

आता पेरणीला तो तिफण मजुराच्या हाती देतो आणि सरता स्वतः धरतो. तूर सोडतो, अंबाडी सोडतो, बरबटी सोडतो, आणि तास संपताना एकदा मूठ चाड्यावर नेऊन रिकामीच उघडतो. यंदा मजुराने ते पाहिले. तो म्हणाला, "बावाजी, दाणा सरला काय?"

"नाही," तो म्हणाला. "हाय एक. मले त्याचं नाव माहीत नाही."