बंद करू नका

"बंद करू का नको, आक्का? एवढंच सांगा!"

रंगराव वस्तादांचा आवाज चिरकला होता. चाळीस वर्षं तालमीत पोरांना मातीत लोळवलेला, कुणापुढं मान न तुकवलेला गडी आज भर बाजारातनं उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर तोलत धावत आला होता. मिटला असता तर काखेत मावला असता. पण मिटायचा कसा? पडदा लालभडक, आत भोंगा कोकलतोय आणि अक्षरं दम देतायत : तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे. बंद करू नका. बंद केल्यास सर्व माहिती नष्ट होईल. खालील नंबरवर ताबडतोब फोन करा.

कुमुदआक्का वाचनालयाच्या मागल्या खोलीत म्हाताऱ्याकोताऱ्यांना कॉम्प्युटर शिकवायच्या. त्याआधी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात काढलेली. सगळं गाव वस्तादांना अहो-जाहो करी. आक्का मात्र ते वर्गात आल्या दिवसापासून 'अरे रंगराव'.

"कशानं झालं?"

"जुन्या कुस्त्या फुकट बघा, असं आलं व्हतं. दाबलं."

"आणि फोन?"

"केला की. साहेब म्हणला, पडद्यावर आकडा येईल तो सांगा, मी हितनं आत शिरून साफ करतो. तेवढ्यात आमच्या आळीची लाइट गेली. म्हणला, लाइट असंल तिथं जा, पण बंद करू नका... चार्जर द्या आधी! अकरा टक्के उरलंय!"

आक्कांनी टेबलावरचा चार्जर उचलला. वायर गुंडाळली, खुर्चीवर ठेवली आणि स्वतः वर बसल्या.

"आक्का! आत तालमीची वही हाय!"

ते खरं होतं. तालमीतल्या एकूण एक पोराचं नाव, गाव, कुस्त्या, फोटो... दोन वर्षं एका बोटानं टाइप केलेलं. कागदाची वही वाळवीनं खाल्ली होती. एक प्रत पेनड्राइव्हवर वेगळी ठेव, हे सांगून सांगून आक्कांचं तोंड दुखलं होतं. वस्तादांचं उत्तर ठरलेलं : "माझ्या घरात शिरायची कुणाची छाती हाय?"

"नऊ," आक्का म्हणाल्या.

"उठा म्हणतो!"

"उठव."

वस्तादांच्या मुठी वळल्या. पण पंच्याहत्तरीच्या बाईला उठवायचं कसं? मुठी तशाच राहिल्या.

फोन वाजला.

"आकडा सांगा लवकर! बंद झालं तर मी जबाबदार नाही!"

वस्तादांनी आक्कांकडं पाहिलं. "ह्यो म्हणतोय बंद करू नका. तुमी म्हणताय..."

"मी काय म्हटलं?"

खरंच की. बाई काहीच म्हणाली नव्हती. वर्गात शिकवलं होतं तेवढंच : अडलं, की चालू-बंदचं बटण दहा सेकंद दाबून धर.

"एक शब्द बोला, आक्का."

"..."

"सहा टक्के, आक्का!"

"..."

"अहो, ऐकताय ना?" फोनमधला खेकसला. "डोकं चालवू नका. मी सांगतो तेवढंच करायचं!"

तिथं मात्र ठिणगी पडली.

"तू कोण रं मला सांगणारा?" वस्ताद असे गरजले, की पुढच्या खोलीत पेपर वाचणारे उठून उभे राहिले. "जातंय तर जाऊ दे समदं! काय करायचं ते कर जा!"

फोन टेबलावर आदळला. अंगठा बटणावर बसला. वस्तादांनी डोळे गच्च मिटले आणि मोजायला लागले. एक... दोन... सातला भोंगा गप्प झाला. तरी ते दहापर्यंत मोजत राहिले.

आक्का उठल्या. चार्जर आपल्या हातानं लावला.

लॅपटॉप सुरू झाला आणि विचारू लागला, मघाचं पान परत उघडू का? वस्तादांचं बोट निघालंच होतं. आक्कांनी हातावर फटकन् चापट मारली.

"नको म्हण."

मग वही उघडली. पहिलं नाव होतं. शेवटचंही होतं. वस्तादांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

आक्कांनी पेनड्राइव्ह पुढं सरकवला. या वेळी छातीची भाषा निघाली नाही. प्रत निघाली. मग आक्कांनी तपासणी लावली. आत व्हायरसचा मागमूस नव्हता. सगळी निव्वळ थाप.

वस्तादांनी वाकून पाय धरले.

"ठरलं, आक्का. हितनं पुढं ह्या मशिनच्या बाबतीत दुसऱ्या कुणाच्या बापाचं ऐकणार न्हाई. तुमी नुसता फोन करा. तुमी सांगशीला तेच करणार."

आक्कांनी त्यांना खांद्याला धरून उठवलं.

"आणि उद्या तो फोनवाला माझ्या आवाजात बोलला तर?"