गव्याची बंदी

सागाच्या एका रखरखीत रानात एक म्हातारा गवा राहत असे. एका उन्हाळ्यात तिथले ओढे आटले आणि पाण्याचा एकच डोह उरला. तिथे रोज धक्काबुक्की होऊ लागली, तेव्हा प्राण्यांनी सभा भरवून गव्याला अधिकार दिला : जो पाण्यावर दांडगाई करील, त्याला एक दिवस डोहावर बंदी. सुरुवातीला गवा दोन्ही बाजू ऐकून घेई. पण सकाळपासून त्याच त्या तक्रारी ऐकून तो अगदी थकून गेला. मग समोर येईल त्याला तो नुसते म्हणे, "जा इथून."

एकदा रानडुकरे तणतणत आली. "ही साळू अंगावरचे काटे खुळखुळवते. आमची पिल्ले घाबरतात."

साळू आपल्या पिल्लाला घेऊन काठाशी उभी होती. "आजोबा, यांनीच आधी माझ्या पिल्लाला ढकलले..."

गव्याने डोळेसुद्धा उघडले नाहीत. "पुरे. इथे यायचे नाही." साळू पिल्लाला घेऊन निघून गेली.

बऱ्याच दिवसांनी गवा चरत चरत दूरच्या घळीत गेला. तिथे साळू ओलसर मुळ्या उकरत होती. शेजारी पिल्लू निपचित पडले होते.

"अगं, डोहावर का येत नाहीस?"

"तुम्हीच बंदी घातलीत ना?"

"ती एका दिवसाची होती!"

"तसे कुठे म्हणालात? नुसते 'इथे यायचे नाही' म्हणालात. बंदी उठली की सांगाल, म्हणून वाट पाहत राहिले."

गव्याने खूप आठवून पाहिले. "पण तू केले तरी काय होतेस?"

"ते तुम्हीच सांगा, आजोबा," साळू म्हणाली.

गव्याची मान खाली गेली. "चल, आत्ताच डोहावर चल," तो म्हणाला. पिल्लाला चालवेना. साळू त्याला हळूहळू पुढे ढकलत होती, गवा दोघांवर आपली सावली धरून चालत होता. अखेर ते डोहाशी पोचले आणि पिल्लू पाणी प्याले.

गव्याने सगळ्यांना बोलावून आपली चूक सांगितली. "हा अधिकार आता काढून घ्या," तो म्हणाला. पण ते काम दुसऱ्या कुणालाच नको होते. शेवटी एवढेच ठरले, की रोज सांजेला टिटवीने काठावरून ओरडून सांगायचे : बंदी कुणाला, कशासाठी आणि कधीपर्यंत.

पिल्लू वाचले. साळू मात्र अजूनही टिटवीचे सांगणे शेवटपर्यंत ऐकते आणि मगच त्याला पाण्यात उतरू देते.

तात्पर्य : ज्याच्या हाती शिक्षेचा अधिकार आहे, त्याने ती कुणाला, का आणि कुठवर, याची उघड नोंद ठेवावी. देणारा शिक्षा विसरतो, भोगणारा विसरत नाही.